धावणे, नोकरी आणि घर : वर्षाची वाटणी कशी करावी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळच्या पत्रांमध्ये गुडघेदुखी आणि बुटांविषयीचे प्रश्न नेहमीपेक्षा कमी आहेत. चांगली वेळ नोंदवण्याची जिद्द, नोकरी आणि घर या तिन्ही गोष्टी एकाच दिवसात कशा बसवायच्या, असे बहुतेकांनी विचारले आहे. माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढची उत्तरे समजायला सोपी जातील. एका दिवसात त्या बसत नाहीत आणि बसवण्याचा हट्ट धरला की तिन्हीकडे ओढाताण होते. वाटणी करायची ती वर्षाची करावी. नागपूरच्या हवामानाने ही वाटणी अर्धीअधिक करूनच ठेवली आहे. ऑक्टोबरची उकाड्याची लाट ओसरली की फेब्रुवारीपर्यंतचे दिवस वेगाच्या मेहनतीला योग्य असतात. याउलट मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, पहाटेही हवा निवत नाही आणि सात वाजता फुटाळा तलावाच्या काठावर उभे राहवत नाही. त्या महिन्यांत वेगाचा सराव शरीराला तसाही लागत नाही. ते महिने हलक्या धावण्यापुरते ठेवून घराला आणि कामाला द्यावेत, आणि हिवाळ्यातले काही आठवडे त्यांच्याकडून मोकळ्या मनाने मागून घ्यावेत.

प्रश्न : मी सार्वजनिक बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता आहे. वय ३८. अर्धमॅरेथॉन १ तास ३६ मिनिटांत पूर्ण करतो आणि पूर्ण मॅरेथॉन सव्वातीन तासांत धावण्याची इच्छा आहे. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन हे माझे लक्ष्य असते. पण डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशनाच्या कामांमुळे रजा बंद होतात, रात्री उशिरापर्यंत साइटवर थांबावे लागते आणि सराव कोलमडतो. गेल्या दोन्ही वेळी ३० किलोमीटरनंतर मला चालावे लागले. मी काय चुकतो आहे? — एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : तुमच्या सरावात फारसे चुकत नाही, तुमच्या तारखेत चुकते आहे. १९५३ च्या नागपूर करारापासून विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरवण्याची परंपरा आहे आणि ते बहुधा डिसेंबरात होते. रविभवन, नागभवन आणि आमदार निवास यांची रंगरंगोटी, नळदुरुस्ती आणि विजेची कामे तुमच्या विभागाकडे येणार, हे तुम्हाला जूनमध्येही ठाऊक असते. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मॅरेथॉनसाठी सर्वांत मोठ्या अंतराचे आठवडे नेमके डिसेंबरात पडतात. म्हणजे तुमच्या नोकरीतला सर्वांत जड महिना आणि सरावातला सर्वांत जड महिना तुम्ही दर वर्षी स्वतःच्या हाताने एकावर एक ठेवता. कितीही पहाटे उठले तरी हा पेच सुटणारा नाही.

मी तुमच्या जागी असतो तर मुंबईला या वर्षी अर्धमॅरेथॉन धावलो असतो किंवा गेलोच नसतो आणि फेब्रुवारीअखेरची दिल्लीची मॅरेथॉन धरली असती. तुमच्या १ तास ३६ मिनिटांच्या अर्धमॅरेथॉनवरून रूढ सूत्राने पूर्ण मॅरेथॉनचा अंदाज सुमारे ३ तास २० मिनिटांचा निघतो. सव्वातीन तासांसाठी दर किलोमीटरला ४ मिनिटे ३७ सेकंदांचा वेग ४२.१९५ किलोमीटर टिकवावा लागतो. हे लक्ष्य तुमच्या आवाक्याच्या जरा पुढे आहे, आवाक्याबाहेर नाही. त्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आठवड्याचे अंतर ६० ते ६५ किलोमीटरपर्यंत न्या, नोव्हेंबरच्या शेवटी २८ किलोमीटरचा एक लाँग रन, म्हणजे संथ लांब धाव, होऊ द्या आणि त्यानंतर डिसेंबरभर अंतर निम्म्यावर आणा.

अंतर निम्मे केले की सगळे वाया जाईल, ही भीती अनेकांना असते. १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगांतून असे दिसले, की सरावाचा कालावधी बराच कमी केला तरी मेहनतीची तीव्रता कायम असेल, तर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता अनेक आठवडे टिकून राहते. तीव्रताच कमी केली तर मात्र ती उतरते. तेव्हा डिसेंबरात आठवड्यातून दोन दिवस चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचाच, पण दमदार सराव करा. एक दिवस सेमिनरी हिल्सच्या चढावर मिनिटभराच्या आठ-दहा चढण्या आणि एक दिवस सिव्हिल लाईन्सच्या सपाट रस्त्यावर वीस मिनिटांचा टेम्पो रन (दम लागेल अशा, पण एकसारख्या वेगाची धाव), इतके पुरेसे आहे. उरलेल्या दिवशी जमले तर हलके धावा, न जमले तर झोपा. फार लांब अंतराचा दम थोडा उतरेल. तो जानेवारीतल्या तीन लाँग रनमध्ये परत येतो.

झोपेविषयी मुद्दाम लिहितो. रात्री एक वाजता साइटवरून आलेला माणूस पहाटे साडेचारला उठून ३० किलोमीटर धावतो तेव्हा त्याची जिद्द वाखाणण्यासारखी असते, पण स्नायूंची दुरुस्ती आणि सरावाचा फायदा शरीरात मुरणे हे काम विश्रांतीत होते, धावताना नाही. ज्या दिवशी झोप पाच तासांहून कमी झाली असेल त्या दिवशी तीव्र सराव करायचाच नाही, हा नियम अधिवेशन संपेपर्यंत पाळा. वरिष्ठांकडे अधिवेशनात सवलत मागण्यापेक्षा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातली रजा ऑक्टोबरमध्येच लेखी मागून ठेवा. डिसेंबरात सगळा भार उचललेल्या माणसाला फेब्रुवारीत चार दिवस नाकारणे कोणत्याही वरिष्ठाला अवघड जाते.

प्रश्न : मी मिहानमधील एका आयटी कंपनीत अमेरिकेच्या वेळेप्रमाणे काम करतो. पाळी संध्याकाळी साडेसहा ते रात्री साडेतीन असते. आमच्या ग्रुपचा सराव अंबाझरीला पहाटे पाच वाजता सुरू होतो, त्यामुळे घरी येऊन न झोपता तसाच मैदानावर जातो. वय २८, १० किलोमीटर ३६ मिनिटांत आणि अर्धमॅरेथॉन १ तास २० मिनिटांत धावतो. आता वेळ सुधारत नाही. दोन वर्षांसाठी नोकरी सोडून पूर्णवेळ धावलो तर राष्ट्रीय पातळीपर्यंत जाता येईल का? — एक वाचक, खापरी

उत्तर : नोकरी सोडण्याचा विचार आज करू नका. आधी झोपा.

नोकरी, झोप आणि सराव हे तुम्ही तीन वेगळे विषय धरता, पण शरीर त्यांचा हिशेब एकत्रच ठेवते. नऊ तासांची रात्रपाळी करून न झोपता इंटरव्हल (थांबून थांबून मारलेल्या वेगवान फेऱ्या) धावणाऱ्याची वेळ थांबली, तर त्यावरून त्याच्या क्षमतेची मर्यादा कळत नाही. फक्त थकवा कळतो. तुमच्या ग्रुपची वेळ ज्यांची नोकरी सकाळी दहाला सुरू होते त्यांच्यासाठी ठरलेली आहे. ती तुमची वेळ नाही. पहाटे सव्वाचार ते सकाळी साडेअकरा ही तुमची रात्र समजा. खोली गडद ठेवा, मोबाइल बाहेर ठेवा, घरच्यांना आणि दारावरच्या बेलला तशी सूचना असू द्या. रात्री एक वाजल्यानंतर चहा-कॉफी बंद करा, कारण कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही रक्तात असतो. धावण्यासाठी दुपारी चार ते साडेपाच ही वेळ निवडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ती उत्तम आहे. पावसाळ्यातही ढगाळ दिवशी चालते. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत तीव्र सराव ट्रेडमिलवर करावा लागेल आणि तो कंटाळवाणा असला तरी दुपारच्या उन्हात उष्माघात ओढवून घेण्यापेक्षा कितीतरी बरा. ग्रुपची सोबत तोडू नका, रविवारची ठेवा; मात्र शनिवारी रात्री झोप झालेली असेल तरच.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. त्याचे उत्तर गोड करून देणे तुमच्यावर अन्याय करणारे ठरेल. भारताचे धावपटू शिवनाथ सिंह यांनी १९७८ मध्ये २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली आणि तो राष्ट्रीय विक्रम अनेक दशके अबाधित राहिला. त्या धावेचा सरासरी वेग किलोमीटरला ३ मिनिटे ८ सेकंद होता आणि तो ४२ किलोमीटर टिकला. तुमचा आजचा १० किलोमीटरचा वेग किलोमीटरला ३ मिनिटे ३६ सेकंद आहे. हे अंतर दोन वर्षांत केवळ रिकामा वेळ मिळाल्याने भरून निघणारे नाही. शिवाय पगार थांबल्यावर प्रत्येक स्पर्धा बक्षिसाच्या रकमेसाठी धावावी लागते, महिन्यातून तीन-तीन वेळा धावावी लागते आणि प्रगती तिथेच खुंटते. हे मी अनेक गुणी मुलांच्या बाबतीत घडताना पाहिले आहे.

नोकरी करून मोठी झेप घेता येत नाही असेही नाही. जपानचे युकी कावाउची सायतामा प्रांताच्या सरकारी नोकरीत होते आणि एका शाळेच्या कार्यालयात पूर्णवेळ काम करत. २०१८ साली थंडी, पाऊस आणि समोरचा वारा अशा हवेत त्यांनी बोस्टन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे ५८ सेकंदांत जिंकली. त्याच शर्यतीत महिलांमध्ये दुसरी आलेली सारा सेलर्स रुग्णालयात भूल देण्याच्या विभागातली पूर्णवेळ परिचारिका होती. कावाउचींनी नोकरी सोडली ती २०१९ मध्ये, बोस्टन जिंकल्यानंतर. आधी पात्रता सिद्ध करायची आणि मग पगार सोडायचा, हा क्रम मला पटतो. एक वर्ष नीट झोपून, दुपारचा सराव करून १० किलोमीटरची वेळ ३३ मिनिटांच्या आत आणा. ती आली तर दिवसपाळीचा प्रकल्प मागा, आणि नोकरीचा प्रश्न मला पुन्हा विचारा.

प्रश्न : माझे पती बुटीबोरीच्या कारखान्यात व्यवस्थापक आहेत आणि चार वर्षांपासून मॅरेथॉन धावतात. मी शाळेत शिक्षिका आहे. मुले नववीत आणि पाचवीत आहेत. ते रात्री नऊला झोपतात, लग्नकार्याला येत नाहीत, रविवार तर आम्हाला दिसतच नाही. विचारले की म्हणतात, ‘मी दिवसाला एकच तास धावतो, दारू-सिगारेट तर करत नाही ना?’ त्यांनी धावणे सोडावे असे मला वाटत नाही. पण हे किती असावे, याला काही माप आहे का? — एक वाचक, नरेंद्रनगर

उत्तर : ताई, माप आहे, आणि ते तुमच्या पतीच्या मनगटावरच्या घड्याळात सापडणार नाही. घड्याळ धावलेली मिनिटे मोजते. घराला लागतो तो वेळ वेगळा असतो. रविवारचेच पाहा. पहाटे चारचा गजर, पाणी आणि जेलची तयारी, गाडीने सिव्हिल लाईन्स, तीन तासांचा लाँग रन, त्यानंतर ग्रुपसोबत तर्री पोहे आणि चहा, साडेनऊला घरी, आंघोळ, जेवण, आणि दुपारी एक ते चार गाढ झोप. संध्याकाळी पाय दुखतात म्हणून भाजीला जायलाही कोणी नाही. शनिवारी रात्री लवकर झोपायचे म्हणून पाहुण्यांना बोलवायचे नाही, हेही त्यातच धरावे लागेल. घड्याळात तीन तास दिसतात. घरातून गेलेले असतात बारा. तुमचे पती खोटे बोलत नाहीत, त्यांनी हा हिशेब कधी मांडलेलाच नाही. सोबत बसून एका आठवड्याचा हा पूर्ण हिशेब कागदावर लिहा. भांडणात जे पोचत नाही ते कागदावर पोचते, असा माझा अनुभव आहे.

दारू-सिगारेटचा युक्तिवाद मी धावणाऱ्यांच्या तोंडून वारंवार ऐकतो आणि तो मला मान्य नाही. चांगल्या सवयीसाठी घेतलेला वेळही कोणीतरी भरून काढत असते. तुमच्या घरी डबे, शाळेची बस, परीक्षेचा अभ्यास आणि सासू-सासऱ्यांचे दवाखाने हे सगळे सांभाळून तो तुम्ही भरून काढत आहात, शिवाय तुमची नोकरी आहेच. त्यांची वेळ चार मिनिटांनी सुधारली असेल तर त्यात तुमचा वाटा आहे आणि तो त्यांनी चारचौघांत बोलून दाखवला पाहिजे.

आता व्यवहाराचे सांगतो. मॅरेथॉनची नेटकी तयारी सोळा आठवड्यांची असते. वर्षात दोन मॅरेथॉन धरल्या आणि प्रत्येकीनंतरचे तीन-चार आठवडे मोजले, तर चाळीस आठवडे तयारीत आणि थकव्यात जातात. म्हणजे वर्षच गेले. मुले शाळेत असेपर्यंत वर्षाला एकच पूर्ण मॅरेथॉन, हा करार करा. एका मॅरेथॉनने प्रगती थांबत नाही. उलट चाळिशीच्या आसपासच्या धावपटूला दोन तयाऱ्यांमधली मोठी मोकळीक मानवते, जुनी दुखणी बरी होतात आणि छोट्या अंतरांचा वेग वाढतो. त्या सोळा आठवड्यांत घराने त्यांना लवकर झोपू द्यावे, कुरकुर न करता. उरलेल्या छत्तीस आठवड्यांत त्यांनी रविवारची धाव दीड तासात आटोपून साडेसातला घरी यावे आणि त्यानंतरचा दिवस पूर्ण घराचा असावा. दिवाळी, घरातली लग्नकार्ये आणि मुलांच्या परीक्षा यांच्या तारखा कॅलेंडरवर आधी लिहाव्यात आणि शर्यतीची नोंदणी नंतर करावी. पुढच्या वर्षी थोरल्याची दहावीची परीक्षा असेल. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, तेव्हा त्या हिवाळ्यात पूर्ण मॅरेथॉन नको, असे मी स्पष्ट सांगेन. पाच किंवा दहा किलोमीटरची वेळ सुधारण्यासाठी ते वर्ष उत्तम आहे, कारण त्या सरावाला लांबलचक रविवार लागत नाही.

आणखी एक गोष्ट. छत्तीस आठवड्यांतल्या रविवारी तुम्हाला मिळणारी मोकळीक तुम्ही स्वयंपाकघरात खर्च करू नका. तुम्ही काय कराल हे मी सांगणार नाही. गाणे, वाचन, मैत्रिणी, काहीही असो, पण घड्याळ लावून तेवढाच वेळ तुमचा असावा आणि त्या वेळी घर त्यांच्याकडे असावे. अनेक घरांत बायकोनेही धावायला लागावे हा उपाय सुचवला जातो. तिला आवड असेल तर उत्तम, पण नवऱ्याच्या छंदात सामील होणे हा तिच्या वेळेचा मोबदला ठरत नाही.

प्रश्न : वय ५४, इतवारीत कापडाचे दुकान आहे. दहा किलोमीटर ५५ मिनिटांत धावतो. गेल्या महिन्यापासून चढावर छातीत आवळल्यासारखे होते, थांबले की बरे वाटते. सणाचा हंगाम असल्याने दवाखान्यात जायला सवड नाही. सराव कमी केला तर चालेल का? — एक वाचक, इतवारी

उत्तर : सराव कमी करू नका, पूर्ण थांबवा, आणि दुकान एक दिवस मुलावर किंवा मुनीमजींवर सोपवून हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. श्रमाने छाती आवळणे आणि थांबल्यावर मोकळी होणे, हे हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळ्याचे ठळक लक्षण आहे. नियमित धावणाऱ्यालाही ते होते आणि ‘मी तर दहा किलोमीटर धावतो’ या भरवशावर माणसे उशीर करतात. बसल्या जागी काढलेला ईसीजी निर्दोष आला तरी समाधान मानू नका, पुढच्या तपासण्यांविषयी डॉक्टरांना विचारा. विश्रांतीत असताना दुखले, घाम फुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली तर त्याच क्षणी १०८ ला फोन करा. धावण्याचे आपण नंतर बोलू.

प्रश्न : मी बँकेत अधिकारी आहे. पाच महिन्यांपूर्वी मला मुलगी झाली, प्रसूती सिझेरियनने झाली. गरोदरपणापूर्वी अर्धमॅरेथॉन १ तास ५० मिनिटांत धावत असे. पुढच्या महिन्यात कामावर रुजू व्हायचे आहे आणि याच हिवाळ्यात जुनी वेळ परत मिळवावी, असे मनात आहे. घरी सासूबाई म्हणतात, बाळ वर्षाचे होईपर्यंत धावू नकोस, दूध आटेल. — एक वाचक, मनीषनगर

उत्तर : सासूबाईंची काळजी खरी आहे, पण माहिती तेवढी खरी नाही. मध्यम व्यायामाने दूध आटत नाही. जेवण आणि पाणी कमी पडले, झोप मोडत राहिली तर मात्र परिणाम होऊ शकतो; आणि नेमके हेच तीन प्रकार धावण्याच्या घाईत घडतात. बाळाला पाजून मग निघा, म्हणजे अंगही हलके राहते. सासूबाईंना डॉक्टरांच्या भेटीला सोबत घेऊन जा. एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की घरातला विरोध बहुतेक वेळा मदतीत बदलतो, आणि ती मदत तुम्हाला लागणार आहे.

प्रसूतीनंतर निदान बारा आठवडे धावू नये, असे तज्ज्ञ सांगतात. तो काळ तुम्ही ओलांडला आहे, पण दिवस भरले म्हणजे शरीर तयार झाले असे नव्हे. अर्धा तास झपाट्याने चालताना, एका पायावर उभे राहताना आणि जागच्या जागी उड्या मारताना लघवीचे थेंब जाणे, ओटीपोटात खाली काही ओघळल्यासारखे जड वाटणे किंवा टाक्यांच्या जागी ओढ लागणे, यांपैकी काही होत असेल तर धावणे पुढे ढकला आणि श्रोणीच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या, स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. बायका हे लाजून सांगत नाहीत आणि वर्षानुवर्षे सोसतात. तशी गरज नाही, हे दुरुस्त होते. तक्रार नसेल तर दोन मिनिटे धावणे, दोन मिनिटे चालणे, असे वीस मिनिटांनी सुरू करा.

या हिवाळ्यात जुनी वेळ मात्र धरू नका. २६ आठवड्यांची प्रसूती रजा संपल्यावरचे पहिले तीन महिने हे बाळाला दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचे, शाखेतल्या कामाचा वेग पुन्हा पकडण्याचे आणि मार्चअखेरच्या हिशेबांचे असतात. या हिवाळ्यात आठवड्यातून तीनदा अर्धा तास, घराजवळ, एवढेच पुरे. पुढच्या ऑक्टोबरला मुलगी चालू लागलेली असेल, रात्रीची झोप थोडी सलग झाली असेल आणि तेव्हा १ तास ५० मिनिटांकडे सोळा आठवडे चढत जाता येईल. एका वर्षाने तुमच्या वेगाचे काही बिघडत नाही. लांब अंतराचा दम तिशीतही वाढत राहतो.

प्रश्न : सर, मी काटोलची आहे, नागपुरात वसतिगृहात राहून बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि विद्यापीठाकडून ५००० मीटर धावते. बाबा म्हणतात, आता धावणे पुरे, पोलीस भरतीची नाहीतर एमपीएससीची तयारी कर. मला दोन्ही करायचे आहे. चार महिन्यांपासून मासिक पाळी आलेली नाही. सोबतच्या मुली म्हणतात, वजन कमी झाले की असे होतेच, त्याने वेग वाढतो. — एक वाचक, लक्ष्मीनगर

उत्तर : पत्राच्या शेवटी तू जे ओझरते लिहिले आहेस, त्यापासून सुरुवात करतो. पाळी थांबणे हे चांगल्या धावपटूचे लक्षण नाही. सरावाला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ताटातून मिळत नाही तेव्हा शरीर खर्च वाचवायला लागते आणि पाळी बंद करणे हा त्याचा एक मार्ग असतो. त्यासोबत इस्ट्रोजेन कमी होते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. तुझ्या वयात हाडे भरण्याचे दिवस असतात. ते गमावले तर नंतर पूर्ण भरून येत नाहीत. नडगीला किंवा पावलाला बारीक चीर गेली की एक अख्खा हंगाम जातो. याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेट, हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनची (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची) तपासणी करून घे आणि बाकी काय तपासायचे ते त्यांना ठरवू दे. वसतिगृहाच्या मेसमध्ये रात्रीचे जेवण साडेसातला संपते आणि तुझा सराव संध्याकाळी असेल, तर निम्मा घोळ तिथेच आहे. डबा काढून ठेवायला सांग; दूध, केळी, शेंगदाण्याचा लाडू, उकडलेली अंडी, जे चालत असेल ते खोलीत ठेव आणि सराव संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत खा.

आता बाबांचे म्हणणे. ते धावण्याच्या विरोधात आहेत असे मला तुझ्या पत्रावरून वाटत नाही; पदवीनंतर मुलीच्या हाती काही नसेल तर काय, याची त्यांना धास्ती आहे. तेव्हा त्यांच्याशी पदकांची भाषा न बोलता नोकरीची भाषा बोल. शासकीय नोकऱ्यांत प्राविण्यप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस आणि सैन्यदले खेळाडूंची स्वतंत्र भरती करतात. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर रेल्वेत नोकरी करत धावली, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत दहावी आली आणि पुढे राज्याच्या प्रशासकीय सेवेत गेली. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि त्याचे स्टीपलचेस घडले ते सैन्यात गेल्यावर. आपल्या मातीतल्या धावपटूंनी नोकरी आणि धावणे यांतले एक निवडले नाही, एकाच्या आधाराने दुसरे उभे केले, हे बाबांना सांग.

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. ती ५० गुणांची असते आणि लेखी परीक्षा १०० गुणांची. ५००० मीटर धावणाऱ्या मुलीला ८०० मीटर जड जात नाही. गुण जातात ते १०० मीटर आणि गोळाफेकीत, आणि त्याहून जास्त लेखी परीक्षेत. आठवड्यातून दोनदा सरावाच्या शेवटी छोटे स्प्रिंट आणि गोळ्याचे तंत्र घेतले तर तुझ्या ५००० मीटरलाही ताकदीचा फायदाच होईल. एमपीएससीचा अभ्यास मात्र धावण्याच्या फटीत बसणारा नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेचा हंगाम संपेपर्यंत रोज दोन तास वाचन ठेव आणि उन्हाळ्यात ते प्रमाण उलटे कर. मार्च ते जून सहा-सात तास अभ्यास, पहाटे चाळीस मिनिटे हलके धावणे. तुझी परीक्षा आणि नागपूरचे ऊन दोन्ही त्याच काळात येतात, याचा उपयोग करून घे.

आतापर्यंतची सर्व स्पर्धांची प्रमाणपत्रे एका फाइलमध्ये लावून विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात जा. कोणत्या पदासाठी कोणत्या स्तरावरचे प्राविण्य लागते आणि तुझ्या प्रमाणपत्रांतली कोणती ग्राह्य धरली जातील, हे त्यांच्याकडून लेखी समजून घे. प्रमाणपत्रांची पडताळणी भरतीची जाहिरात निघण्याआधीच करून ठेव. अर्ज भरण्याच्या शेवटच्या आठवड्यात तिथे रांग लागते आणि चांगल्या मुलींची संधी केवळ त्या एका कागदावाचून जाते. बाबांना सोबत ने.